ऐकायची पोथी: ख्रिस्तपुराण आणि कॅथलिक माणसाचं शास्त्र

मंडळी, फादर थॉमस स्टीफन्स हे नाव निघालं की आपल्याला मराठीची थोरवी गाणाऱ्या त्यांच्या चार ओव्या आठवतात. शाळेच्या पुस्तकात त्या असतात, भाषादिनाच्या भाषणात असतात. ख्रिस्तपुराणात जवळजवळ अकरा हजार ओव्या आहेत. चार वाचून बाकीच्या आपण सोडून दिल्या. आज आपल्याला त्या सोडून दिलेल्या भागाकडे वळायचं आहे. हे पुराण ज्यांच्यासाठी रचलं त्यांच्या प्रार्थनेत त्यानं काय काम केलं, असा आपला प्रश्न आहे.

स्टीफन्स इंग्रज जेज्विट. १५७९ मध्ये ते गोव्यात उतरले आणि पुढचं आयुष्य मुख्यतः सासष्टीत काढलं. पुराण छापलं गेलं १६१६ मध्ये, राशोलला, रोमन लिपीत. त्याचे दोन भाग. पहिला सृष्टीच्या उत्पत्तीपासून संदेष्ट्यांपर्यंत, दुसरा ख्रिस्तजन्मापासून स्वर्गारोहणापर्यंत. म्हणजे जुना आणि नवा करार, दोन्ही आले. पण हे बायबलचं भाषांतर नव्हे, आणि यात एक गोम आहे.

ट्रेंटच्या धर्मसभेनंतर १५६४ मध्ये जे नियम आले, त्यांनुसार लोकभाषेतलं बायबल वाचायला खास परवानगी लागत असे. मिस्सा लॅटिनमध्ये. मग सासष्टीच्या शेतकऱ्यापर्यंत शास्त्र पोचणार कसं? स्टीफन्सनी वाट काढली ती आपल्याच मातीतली: ओवीची. एकनाथांचं भागवत १५७३ चं, म्हणजे स्टीफन्स येण्याच्या जेमतेम सहा वर्षं आधीचं. कुणीतरी वाचायचं, बाकीच्यांनी बसून ऐकायचं, ही सवय लोकांच्या अंगात होतीच. नवं शास्त्र त्या जुन्या सवयीवर येऊन बसलं.

आता कॅथलिक अध्यात्मात शास्त्राची ताकद कुठे असते ते बघू. बाराव्या शतकातल्या दुसऱ्या ग्विगो या मठवासीयानं वाचनाच्या चार पायऱ्या सांगितल्या: वाचन, मनन, प्रार्थना आणि निःशब्द दर्शन. पहिली पायरी वाचनाची असली तरी मठातलं ते वाचन ओठांनी व्हायचं, कानावर पडायचं. शब्द चघळायचा, रवंथ करायचा. ओवी नेमकं हेच करून घेते. तीन चरण यमकानं बांधलेले, चौथा मोकळा. त्या चौथ्या चरणापाशी वाचणारा थांबतो, आणि ऐकणाऱ्याला विचार करायला जागा मिळते. अक्षरओळख नसलेल्या बाईलाही ओवी पाठ होते, जात्यावर, विहिरीवर सोबत येते. मठातल्या साधूला जे वर्षानुवर्षांच्या शिस्तीनं मिळायचं, त्याचा एक वाटा इथे छंदामुळे सगळ्या गावाला मिळाला. आमच्या मते साहित्यकृती म्हणून ख्रिस्तपुराणाचं हे सगळ्यात मोठं यश आहे.

शब्दांची निवड बघा. स्वर्गाला स्टीफन्स वैकुंठ म्हणतात, पण येशूचं नाव पोर्तुगीज उच्चाराचं, जेजू, असंच ठेवतात. शब्द ओळखीचा, नाव परकं. ऐकणारा घरच्या उंबऱ्यातून आत येतो आणि आत गेल्यावर त्याला कळतं की घर वेगळं आहे. ही ओढाताण पुराणभर चालते, आणि त्यातूनच त्याला जिवंतपणा येतो.

पण नुसतं कौतुक करून थांबलो तर समीक्षा व्हायची नाही. पुराणाच्या सुरुवातीलाच एक प्रसंग आहे. नवख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्रींना म्हणतो, जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, आता त्यांच्या जागी आम्हाला काहीतरी द्या. प्रसंग सुंदर रचलाय, पण तो पुन्हा ऐका. मागणाऱ्याच्या हातात काही उरलेलं नाही. सासष्टीतली देवळं पडली होती, १५८३ मध्ये कुंकळ्ळीला रक्त सांडलं होतं. ज्या सत्तेनं पोथ्या काढून घेतल्या, तिच्याच छायेत ही नवी पोथी आली. ज्याला आपण शास्त्राची ताकद म्हणतो, तिच्यात अशी जबरदस्तीही मिसळलेली असू शकते. स्टीफन्सचं मराठीवरचं प्रेम खरं होतं, म्हणून ही गोष्ट पुसली जात नाही.

मग पुराण टिकलं कशामुळे? सत्तेमुळे म्हणावं, तर तीच सत्ता पुढे या भाषेवर उलटली. १६८४ मध्ये व्हाइसरॉयनं फर्मान काढलं की लोकांनी आपली बोली सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज शिकावी. सतराव्या शतकात पुराणाच्या तीन आवृत्त्या निघाल्या, त्यांची एकही प्रत आज हाती नाही. उरल्या त्या हातानं उतरवलेल्या प्रती. १९०७ मध्ये मंगळूरला जोसेफ सालदाना यांनी पुराण पुन्हा छापलं ते अशा हस्तलिखितांच्या आधारावर. कुणीतरी रात्री जागून या हजारो ओव्या लिहून काढल्या होत्या. लादलेली पोथी कुणी असं जपत नाही. कुठल्यातरी टप्प्यावर ती ऐकणाऱ्यांची झाली होती.

आज चित्र उलटं आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६५ मध्ये शास्त्राचं दार सगळ्यांना उघडलं आणि शास्त्राचा मान ख्रिस्तशरीराच्या मानाजवळ नेऊन ठेवला. मिस्सा आपल्या भाषेत आली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं सुबोध बायबल आपल्या हातात आहे, आणि त्याचं मोल आम्ही कमी लेखत नाही. जे सासष्टीच्या माणसाला मिळालं नाही, ते सगळं आपल्याला मिळालंय. आणि तरी रविवारची वाचनं कशी होतात? वाचणारा पोरगा मिनिटापूर्वी पान उघडतो, घाईनं वाचतो, लोक प्रवचनाची वाट बघत बसतात. मिस्सा सुटल्यावर पहिलं वाचन कुठलं होतं विचारा, दहातले किती सांगतील?

तेव्हा ग्रंथ नव्हता, कान होते. आता ग्रंथ आहे आणि कान सुटत चाललेत. सुबोध गद्य अर्थ चटकन हातात देतं, पण चटकन मिळालेला अर्थ चटकन निसटतोही. सगळ्यांनी ओव्या रचाव्यात असं आमचं म्हणणं नाही. पण वाचकाला आठवडाभर आधी उतारा द्यावा, त्यानं तो घरी मोठ्यानं वाचावा, आणि उपासनेत वाचून झाल्यावर सगळ्यांनी क्षणभर गप्प बसावं, एवढं तर करता येईल? स्टीफन्सच्या चौथ्या चरणानंतर असते ना, तेवढीच शांतता.

इथे थांबू. आता तुमचे प्रश्न घेऊ.