टाचदुखीवरील आंतरजालीय स्वोपचार-साहित्य आणि नळदुर्ग परिसरातील वाचक : एक चिकित्सा

प्रस्तावना :

सकाळी अंथरुणातून उठून पहिले पाऊल टेकताच टाचेत कळ येते, थोडे चालल्यावर ती कमी होते आणि दिवसभर उभे राहिल्यानंतर संध्याकाळी पुन्हा जाणवू लागते. टाचदुखीच्या सर्वांत सामान्य प्रकाराचे हे वर्णन धाराशिव जिल्ह्यातील नळदुर्गसारख्या गावात अपरिचित नाही. पूर्वी अशा दुखण्यावरचा सल्ला घरातील वडीलधाऱ्या स्त्रीकडून मिळत असे. आज तो मोबाईलच्या पडद्यावर मराठी लेख आणि चित्रफितींच्या रूपाने घरोघरी पोहोचतो. या साहित्याकडे सहसा वैद्यकीय माहिती म्हणूनच पाहिले जाते. वस्तुतः तो एक लेखनप्रकारही आहे. त्याला स्वतःची भाषा आहे, ठरावीक मांडणी आहे आणि त्याने मनाशी धरलेला एक वाचक आहे. हा वाचक नळदुर्ग परिसरातील प्रत्यक्ष वाचकाशी कितपत जुळतो, याची तपासणी करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

‘हाड वाढले’ या शब्दप्रयोगाची चिकित्सा :

मराठीत टाचदुखीला सर्रास ‘टाचेचे हाड वाढले’ असे म्हटले जाते आणि स्वोपचार-साहित्यानेही हा शब्दप्रयोग जसाच्या तसा उचलला आहे. वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने मात्र दुखण्याचे मूळ बहुधा तळव्यातील जाड तंतुमय पट्ट्यात असते. वैद्यकीय परिभाषेत त्यास प्लांटर फॅशिया म्हणतात. टाचेपासून बोटांपर्यंत पसरलेला हा पट्टा टाचेला जेथे चिकटतो, तेथे वारंवार ताण पडून तो दुखावतो. क्ष-किरण चित्रात दिसणारा हाडाचा काटा ज्यांची टाच मुळीच दुखत नाही अशा अनेकांच्या पायातही आढळतो. शब्दाचा दोष येथे केवळ शब्दापुरता राहत नाही. हाड वाढले म्हटले की ते विरघळवणारे औषध किंवा ते कापणारी शस्त्रक्रिया यांच्याकडेच मन वळते. पायाला ताण देण्याचा साधा व्यायाम अशा वाचकास पोरकट वाटू लागतो. हाड व्यायामाने कसे कमी होणार, ही त्याची शंका त्याच्या शब्दाला धरून योग्यच असते. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात वातव्याधींमध्ये ‘वातकंटक’ सांगताना पाऊल वेडेवाकडे पडणे हे कारण दिले आहे. प्राचीन ग्रंथकाराने लक्ष वेधले ते पाऊल टाकण्याच्या क्रियेकडे. परंपरेचा दाखला उठता-बसता देणारे आजचे लेखक नेमके हेच विसरतात, हे काहीसे नवलाचे आहे.

अनवाणी वाचक :

ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेच्या संकेतस्थळावरील सल्ला पुराव्यावर आधारलेला आणि संयत आहे. मऊ टाचेचे, तळव्याच्या कमानीला आधार देणारे बूट घालावेत. मागून उघड्या सपाता टाळाव्यात. कठीण पृष्ठभागावर अनवाणी चालू नये. टॉवेलमध्ये गुंडाळलेला बर्फ २० मिनिटांपर्यंत लावावा, असे तेथे सांगितले आहे. या स्वरूपाचा सल्ला मराठीत जेव्हा शब्दशः उतरतो, तेव्हा तो कोणाला उद्देशून आहे असा प्रश्न पडतो. मागून उघडी चप्पल हेच येथील बहुसंख्यांचे एकमेव पादत्राण आहे. घरात शहाबादी फरशी असते आणि त्या फरशीवर चप्पल घालून वावरणे हा स्वयंपाकघराचा व देवघराचा अवमान मानला जातो. खुरपणी करणारी स्त्री तासन्‌तास उकिडवी बसते आणि घरी परतल्यावर भाकरी थापण्यासाठी पुन्हा ओट्यापुढे उभी राहते. नवरात्रात नऊ दिवस पायात वहाण न घालणारे लोक प्रत्येक गल्लीत असतात. अश्विन पौर्णिमेला सोलापूर आणि कर्नाटकाच्या बाजूने तुळजापूरला अनवाणी चालत जाणाऱ्या भाविकांचा प्रवाह या परिसराने पिढ्यान्‌पिढ्या पाहिला आहे. पौष पौर्णिमेस येथेच मैलारपूरला खंडोबाची यात्रा भरते. ‘अनवाणी चालू नका’ एवढे एकच वाक्य अशा वाचकासमोर ठेवणे म्हणजे त्याला सल्ल्याच्या कक्षेबाहेर काढणे होय. घरात वापरण्यासाठी धुतलेली, वेगळी, मऊ तळाची चप्पल ठेवावी. दुखणे ताजे असताना नवस एक वर्ष पुढे ढकलावा. या गोष्टी स्पष्ट शब्दांत लिहिल्या पाहिजेत. त्या लिहिण्यासाठी लेखकास वाचकाचे घर माहीत असावे लागते.

उलटपक्षी, येथील राहणीत जे अनुकूल आहे त्याचीही दखल हे साहित्य घेत नाही. २००३ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या डिजोव्हानी व सहकाऱ्यांच्या अभ्यासात तळव्याच्या पट्ट्याला थेट ताण देणारा व्यायाम केवळ घोट्यामागील शिरेला ताण देण्यापेक्षा अधिक गुणकारी ठरला. दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर घ्यावा, हाताने बोटे नडगीकडे ओढावीत, दहा अंक मोजावेत आणि असे दहा वेळा करावे, इतकाच तो व्यायाम आहे. तो दिवसातून तीनदा करावयाचा असून पहिली खेप सकाळी पाऊल टेकण्यापूर्वीची असते. चित्रांमध्ये तो खुर्चीवर बसून दाखवतात. जमिनीवर मांडी घालून बसण्याची सवय असलेल्या माणसाचे पाऊल मात्र आपोआपच हाताशी असते. तो हे अंथरुणातच करू शकतो. डेन्मार्कमधील रॅथलेफ व सहकाऱ्यांच्या, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातील व्यायामासाठी एक पायरी आणि बोटांखाली ठेवण्यास गुंडाळलेला टॉवेल पुरतो. टॉवेलऐवजी जुन्या लुगड्याची घडीही चालेल. उंबरठ्यावर उभे राहू नये ही समजूत मोडण्याचेही कारण नाही. ओसरीची पायरी पुरेशी आहे.

याच अभ्यासात व्यायामाचा विशेष लाभ तीन महिन्यांनी दिसला आणि वर्षाअखेरीस दोन्ही गटांतील फरक उरला नाही. बहुतेकांची टाचदुखी शस्त्रक्रियेविना बरी होते. पण तिला कित्येक महिने, प्रसंगी वर्षही लागते. ‘सात दिवसांत कायमचा आराम’ अशा मथळ्यांचे खरे नुकसान येथे आहे. आठव्या दिवशी टाच दुखलीच तर वाचक व्यायाम निरुपयोगी समजून सोडतो आणि मेडिकलमधून वेदनाशामक गोळ्या आणून मनानेच घेत राहतो.

गरम वीट आणि रुईचे पान :

तापवलेल्या विटेवर रुईचे पान ठेवून त्यावर टाच शेकणे हा महाराष्ट्रात सर्वत्र ठाऊक असलेला उपाय आंतरजालावरही मानाने मिरवतो. शेकाने काही काळ बरे वाटते, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु मधुमेहामुळे ज्याच्या तळव्याची संवेदना कमी झाली आहे, त्याला वीट किती तापली हे कळत नाही आणि भाजल्याची जखमही उशिरा लक्षात येते. बर्फाबाबतही हाच धोका आहे. रुईचा चीक डोळ्यात गेल्यास डोळ्याला इजा होते. मधुमेह असल्यास, पायाला मुंग्या किंवा बधिरपणा असल्यास, टाच लाल होऊन सुजली असल्यास, ताप असल्यास किंवा मार लागल्यानंतर पाय टेकवतच नसल्यास घरगुती उपाय न करता डॉक्टरांकडे जावे, ही सूचना या साहित्यात आढळलीच तर ती शेवटच्या परिच्छेदात, लहान अक्षरांत असते. चित्रफितीत तर ती येईपर्यंत वाचकाने पडदा बंद केलेला असतो. तिची जागा विटेच्या कृतीच्या आधी, पहिल्या ओळीत आहे.