टेकडीचे चित्र आणि छद्दंताचे अरण्य

कोथरूडला लागून असलेल्या वेताळ टेकडीची जलरंगचित्रे आम्ही अनेकदा पाहिली. गवत, आभाळ, जुन्या दगडखाणीतील निश्चल पाणी, हात सफाईदार. परंतु खाण फोडणारा माणूस त्यांत आम्हांस आढळला नाही. तुटलेला कडा केवळ छाया होऊन येतो. अजिंठ्याच्या 10 व्या लेण्यातील छद्दंत जातक पाहावे. तेथे वटवृक्ष आहे, गजांचा कळप आहे, आणि त्याच अरण्यात व्याधही आहे. कापलेले सुळे पाहून राणी मूर्च्छित होते. निसर्ग दुःखापासून विलग केलेला नाही. प्रतीत्यसमुत्पादच भिंतीवर उतरला आहे, असे आम्ही म्हणू. 1872 पासून ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतील विद्यार्थ्यांकडून अजिंठ्याच्या प्रतिकृती करवून घेतल्या. रेषा गिरवल्या गेल्या. अरण्यातील माणूस मात्र टेकडीवरच्या कागदावर अद्याप आलेला नाही.