वासूची हिंदी : ‘एक दूजे के लिए’मधील भाषाव्यवहार

के. बालचंदर यांचा ‘एक दूजे के लिए’ (१९८१) भाषेची भिंत ओलांडणाऱ्या प्रेमाचा चित्रपट म्हणून लक्षात राहिला आहे. पण नीट पाहिले तर ही भिंत प्रेमिकांमध्ये फारशी नाहीच. गोव्यात शेजारी राहणारे तमिळ वासू आणि उत्तर भारतीय सपना एकमेकांचे बोलणे न कळताही एकमेकांना पुरेसे कळतात. भिंत आहे ती दोन घरांमध्ये. ती ओलांडण्याचे काम मात्र एकट्या वासूवर येते.

मूळ तेलुगू ‘मरो चरित्र’मध्ये (१९७८) तमिळ मुलगा आणि तेलुगू मुलगी आहे. दोन शेजारभाषांचे ते भांडण. त्यात कोणी थोरले नाही. मद्रासमध्ये तो चित्रपट डबिंगशिवाय तेलुगूतच चालला. हिंदी आवृत्तीत कथा तीच राहते, पण तराजू कलतो. एका पारड्यात आता खुद्द चित्रपटाची, त्याच्या बाजाराची भाषा आहे.

लिफ्टमधले गाणे या दृष्टीने फार बोलके आहे. हिंदी चित्रपटांची नावे एकापुढे एक ठेवून वासू सपनाची मनधरणी करतो. स्वतःचे एकही वाक्य न रचता त्याला हिंदीत प्रेम करता येते. कल्पना लोभस आहे, यात शंका नाही. पण इथे हिंदी चित्रपटसृष्टी दोन भाषांमधला पूल म्हणून स्वतःचीच पाठ थोपटून घेते, हेही खरे. सपनाकडे तमिळ चित्रपटांची अशी यादी असती तर?

पुढे वर्षभराच्या ताटातुटीचा करार होतो. वासू हैदराबादला जातो आणि संध्या या विधवा तरुणीकडून हिंदी शिकतो. (शुद्ध हिंदीसाठी हैदराबाद, हे दखनी कानावरून गेलेल्यांना गमतीचे वाटेल.) सपनाला तमिळ शिकायला कोणी कुठे पाठवत नाही. तिचा त्याग वेगळ्या जातीचा आहे. आईने जाळलेल्या वासूच्या फोटोची राख ती चहात कालवून पिते. पुरुषाने भाषा कमवायची आणि बाईने सोसून दाखवायचे, ही वाटणी चित्रपटाला खटकत नाही. शेवटी दोघांचा जीव जातो तेव्हा वासूची हिंदी उत्तम झालेली असते. गुंड आणि बलात्कारी यांच्यापुढे तिचा उपयोग शून्य.

पडद्यामागे मात्र नेमके उलटे घडले. एस. पी. बालसुब्रह्मण्यम यांच्या हिंदी उच्चारांबद्दल संगीतकार लक्ष्मीकांत-प्यारेलाल साशंक होते. नायक तमिळ आहे, तर आवाजही तसाच हवा, असा बालचंदर यांचा आग्रह होता. या चित्रपटातील गायनासाठी बालसुब्रह्मण्यम यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. कथा वासूची जी हिंदी सुधारू पाहते, तीच न सुधारता श्रोत्यांनी डोक्यावर घेतली. माझ्या मते चित्रपटातला खरा आंतरभाषिक संसार या गाण्यांत आहे : लता मंगेशकरांचा घोटीव उच्चार आणि त्याला दक्षिणी वळणाने दिलेली साथ.

एक गोष्ट मराठी वाचकाच्या नजरेतून सुटू नये. हे सारे घडते गोव्यात, जिथे १९६७च्या जनमत कौलापासून १९८७च्या राजभाषा कायद्यापर्यंत कोकणी आणि मराठीचा वाद धुमसत होता. वासू-सपनाच्या भाषातंट्यात त्या दोन्ही भाषांना स्थान नाही. दोना पावलाचा कडा तेवढा आहे.