उष्णता, दीप्ती आणि ‘नॅनो’चा दावा : एक चिकित्सा

दीप्तिमान पदार्थ तापला की त्याचा प्रकाश मंदावतो, असे विधान नॅनोपदार्थांवरील संशोधनलेखांत वारंवार आढळते. विधान चुकीचे नाही, परंतु अपुरे आहे. ‘उष्णता’ या एकाच शब्दाखाली तेथे तीन भिन्न प्रक्रिया एकत्र केल्या जातात.

पहिली प्रक्रिया दीप्तिशमनाची. तीत उत्तेजित आयनाची ऊर्जा प्रकाशाऐवजी स्फटिकाच्या कंपनांत खर्ची पडते. पदार्थ थंड झाल्यावर प्रकाश पूर्ववत होतो. दुसरी अ‍ॅनिलिंगची. तीत पृष्ठभागावरील दोष घटून प्रकाश बहुधा वाढतो. मात्र कणही मोठे होतात. तिसरी थर्मोल्युमिनेसन्सची. किरणोत्सारामुळे सापळ्यांत अडकलेले इलेक्ट्रॉन तापविल्यावर मुक्त होतात व प्रकाश देतात.

या तिसऱ्या प्रक्रियेचे उत्तम उदाहरण मुंबई उपनगरातच आहे. ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केलेल्या टीएलडी बिल्ल्यात डिस्प्रोशियमयुक्त कॅल्शियम सल्फेट व टेफ्लॉन यांच्या चकत्या असतात. या पदार्थाचे प्रमुख दीप्तिशिखर सुमारे 220 अंश सेल्सिअसच्या आसपास येते. चकती तापविताना मिळालेल्या एकूण प्रकाशावरून किरणोत्साराची मात्रा ठरते. घाटकोपर वा मुलुंडच्या रुग्णालयातील क्ष-किरण तंत्रज्ञाची सुरक्षितता अशा मापनावर विसंबून असते.

येथेच संज्ञांची सरमिसळ महाग पडते. तापविण्याचा वेग वाढविल्यास शिखर अधिक तापमानाकडे सरकते. ज्या पदार्थात शमन लक्षणीय असते, तेथे त्यामुळे प्रकाश घटतो आणि मात्रा प्रत्यक्षाहून कमी भासू शकते. म्हणजे पहिली व तिसरी प्रक्रिया एकाच वेळी कार्यरत असतात.

‘नॅनो’ म्हणजे सरस, हे गृहीतकही तपासून पाहावे लागते. याच पदार्थाच्या नॅनोकणांवर दिल्लीत झालेल्या, 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात संवेदनशीलता नेहमीच्या मोठ्या कणांपेक्षा कमी आढळली. लाभ दिसला तो उच्च मात्रेपर्यंत टिकणाऱ्या रेषीय प्रतिसादात. अर्थात, उपयुक्तता हेतूवर अवलंबून असते.

म्हणून अशा लेखांकडून तीन किमान अपेक्षा ठेवणे उचित ठरेल : तापविण्याचा वेग नमूद करावा; समान अ‍ॅनिलिंग केलेल्या मोठ्या कणांशी तुलना करावी; आणि नमुना थंड करून प्रकाश परत येतो का, हे पाहावे. शेवटच्या चाचणीस नवे उपकरण लागत नाही, केवळ वेळ लागतो. तो न देता काढलेला निष्कर्ष आलेखात कितीही देखणा दिसला, तरी तो ग्राह्य मानता येत नाही.