मौनाचा अर्थ कोणी लावावा?

कथा-कवितेची समीक्षा आपण करतो, न्यायालयाच्या निकालपत्राची मात्र करीत नाही. वास्तविक निकालपत्रातही पात्रे असतात, भाषा असते आणि लिहिणाऱ्याची दृष्टी असते. आमच्या भागातील एक निकाल मला या नजरेने वाचावासा वाटतो.

देसाईगंज म्हणजे वडसा. १९७२ साली ते चंद्रपूर जिल्ह्यात होते, १९८२ पासून गडचिरोलीत आहे. २६ मार्च १९७२ रोजी तेथील पोलीस ठाण्यात मथुरा ही चौदा ते सोळा वर्षांची आदिवासी मुलगी आली. तिला आपल्या पसंतीच्या मुलाशी लग्न करायचे होते. भावाने तिला पळवून नेल्याची फिर्याद दिली. म्हणजे प्रकरण मुळात घरातलेच! रात्री जबाब संपले. इतरांना बाहेर पाठवून तिला आत थांबवले गेले. तेथे दोन पोलिसांनी अत्याचार केला, अशी तिची तक्रार होती.

१९७४ मध्ये सत्र न्यायालयाने तिलाच खोटे ठरवून पोलिसांना निर्दोष सोडले. १९७६ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने एकाला पाच वर्षांची व दुसऱ्याला एक वर्षाची शिक्षा दिली. धाकापुढे मान तुकवणे म्हणजे संमती नव्हे, हे त्या निकालाचे सार. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. अंगावर जखमेची खूण नाही, तिने आरडाओरडा केला नाही, असे मुद्दे त्यात आहेत.

बी.एड.ला आम्हाला शिकवले होते की, वर्गात गप्प बसलेल्या मुलीला काही समजत नाही असे धरू नका. ती घाबरली आहे का ते आधी पाहा. शिक्षकाला कळणारी ही साधी गोष्ट न्यायासनाला का कळू नये? निकालात मुलीच्या गप्प राहण्याचा विचार आहे. रात्रीच्या ठाण्याचा, वर्दीचा आणि तिच्या गरिबीचा विचार कोठे आहे?

हाच प्रश्न १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुल्या पत्रातून विचारला. देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या. १९८३ मध्ये कायदा बदलला. पोलीस कोठडीतील अशा खटल्यात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि संमती नव्हती असे स्त्रीने साक्षीत सांगितले, तर न्यायालयाने तसेच गृहीत धरावे असे ठरले. त्याच वर्षी सासरच्या छळाविरुद्ध ४९८-अ कलम आले. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेत कलम ८५ व ८६ म्हणून आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने मारहाणीसोबत शिवीगाळ आणि पैशाची कोंडी हीसुद्धा हिंसा मानली. संरक्षण आदेश मोडल्याचा गुन्हा पीडित स्त्रीच्या एकटीच्या साक्षीवरही सिद्ध धरता येतो. वडशाच्या मुलीचा शब्द अपुरा ठरला होता. तिच्यामागून आलेल्या स्त्रियांच्या शब्दाला कायद्याने वजन दिले.

पण व्यवहारात? माझ्या एका विद्यार्थिनीची आई नवऱ्याचा मार खाऊन ठाण्यात गेली. पहिला प्रश्न आला, "खुणा कुठे आहेत?" दुसरा आला, "घरातच का मिटवत नाही?" ती परतली. मग जमातीतील बुजुर्ग बसले आणि त्यांनी तिला सब्र करायला सांगितले. नवऱ्याला कोणी काही विचारले नाही. ती गप्प राहिली आणि सर्वांनी मानले की समझोता झाला. त्या बैठकीत आणि १९७८ च्या निकालात मला फारसा फरक दिसत नाही.

२००५ चा कायदा कोणत्याही धर्माच्या स्त्रीला लागू आहे. संरक्षण अधिकाऱ्याकडे किंवा थेट दंडाधिकाऱ्याकडे जाता येते. स्त्रीला सरकारी खर्चाने वकील मिळतो. हे आपल्या मोहल्ल्यात किती जणींना माहीत आहे? पोलिसांवर टीका जरूर करावी. पण आपल्या बैठकीतही त्या बाईला आधी बोलू द्यावे, आणि ती बोलली नाही तर तिच्या मौनाला होकार म्हणू नये.