शास्त्रींचा आवाज : खोलीतला आणि माइकवरचा

समालोचन हेही बोली गद्यच, असे मानून मी रवी शास्त्री ऐकत आलो. 2 एप्रिल 2011 रोजी वानखेडेवर धोनीच्या षटकाराने विश्वचषक आला, तेव्हा त्यांचा चढता सूर क्षणाशी एकरूप झाला होता. मर्यादाही तीच. तो सूर निकाल गर्जून सांगतो; कारण क्वचितच.

प्रशिक्षकाने पुढे माइक हाती घेणे नवे नाही. शास्त्री मात्र माइक सोडून 2017 ते 2021 भारताचे मुख्य प्रशिक्षक झाले आणि परतले. अ‍ॅडलेडला 36 धावांत कोसळलेला संघ महिन्याभरात ब्रिस्बेनला मालिका जिंकतो, हे त्यांनी आतून पाहिलेले. म्हणून 2022च्या आयपीएलला, नेरुळचे मैदान हाकेवर असूनही, मी टीव्हीसमोर बसलो. भाषा हिंदी झाली होती, सूर जुनाच.

दोष प्रशिक्षकपदाचा म्हणावा, तर आधीही ते क्रिकेट मंडळाशी करारबद्ध समालोचक होते. घरचे घरात ठेवण्याची सवय तेव्हाचीच असावी. अयाझ मेमन यांच्यासह लिहिलेल्या ‘स्टारगेझिंग’मध्ये (2021) मात्र ते सहखेळाडूंविषयी सवडीने, मोकळेपणी बोलतात. ते शास्त्री माइकवर मला अजून भेटायचे आहेत.