चौदाव्या मिनिटाची टाळी

२५ मार्च २०१६ च्या संध्याकाळी अ‍ॅमस्टरडॅमच्या अरीना मैदानावर नेदरलँड्स आणि फ्रान्स यांचा मैत्रीपूर्ण सामना होता. आदल्याच दिवशी डच फुटबॉलपटू योहान क्रायफचे बार्सिलोनात निधन झाले होते. वय ६८, फुप्फुसाचा कर्करोग. सामना सुरू झाला आणि फ्रान्सने यजमानांना श्वास घ्यायलाही फुरसत दिली नाही. सहाव्या मिनिटाला ग्रीझमनचा गोल, तेराव्याला जिरूचा. ०-२ असा मार खात असताना चौदावे मिनिट उजाडले आणि खेळ थांबला. दोन्ही संघांचे खेळाडू जागच्या जागी उभे राहून टाळ्या वाजवू लागले, प्रेक्षागार उठून उभे राहिले, आणि मिनिटभर त्या मैदानावर टाळ्यांशिवाय दुसरे काही चालले नव्हते.

खेळाडूला श्रद्धांजली वाहायची ठरलेली रीत आपण जाणतो. सामना सुरू होण्याआधी सगळे रांगेत उभे राहतात, मान खाली घालतात, मिनिटभर मौन पाळतात आणि मग शिट्टी वाजते. शोक आधी, खेळ नंतर. चौदाव्या मिनिटाच्या टाळीने हा क्रम मोडला. तिने शोकाला खेळाच्या पोटात जागा दिली. घड्याळ चालू असताना, निकाल डोक्यावर टांगलेला असताना, आपला संघ हरत असताना डच चाहते थांबले आणि त्यांनी दाद दिली. मला ही कृती एखाद्या नेटक्या कवितेइतकी वाचण्याजोगी वाटते, कारण क्रायफ काय होता याचे उत्तर तिच्या आकारातच आहे.

चौदा हा आकडाच आधी घेऊ. त्या काळी पहिल्या अकरा खेळाडूंनी १ ते ११ आकडे घालायचे, त्यापुढचे आकडे राखीव मंडळींचे, असा शिरस्ता होता. क्रायफचा नेहमीचा आकडा ९. १९७० च्या ऑक्टोबरात अ‍ॅमस्टरडॅमच्या अयाक्स क्लबच्या एका सामन्याआधी सहकारी गेरी म्युरेनला आपला शर्ट सापडेना, तेव्हा क्रायफने स्वतःचा ९ त्याला देऊन टाकला आणि उरलेल्या शर्टांतून १४ उचलला, अशी हकिगत सांगितली जाते. १९७४ च्या विश्वचषकात डच संघाचे आकडे आडनावांच्या वर्णक्रमाने वाटले गेले, तरी क्रायफचा १४ तसाच राहिला. राखीव खेळाडूचा आकडा एका माणसाने एवढा मोठा केला की २००७ मध्ये, त्याच्या साठाव्या वाढदिवशी, अयाक्सने तो कायमचा बाजूला ठेवला. चाहत्यांनी टाळीसाठी मिनिट निवडले ते या आकड्यावरून. त्यात त्याचे औदार्य आले, हट्टही आला.

आता त्याची सर्वांत प्रसिद्ध चाल. १९ जून १९७४, डॉर्टमुंड. विश्वचषकाचा गट सामना, समोर स्वीडन. चित्रफीत आजही सहज पाहायला मिळते, आणि माझ्यासारख्या मराठी प्रेक्षकाची या माणसाशी ओळख झाली ती चित्रफितींतूनच. मैदानाच्या डाव्या कडेला चेंडू क्रायफकडे येतो. स्वीडिश बचावपटू यान ओल्सन त्याला चिकटून आहे. क्रायफची पाठ प्रतिस्पर्ध्याच्या गोलकडे झालेली. तो उजवा पाय मागे घेतो, खांदा वळवतो. आता चेंडू मागे, मैदानाच्या मध्याकडे जाणार, असे त्याचे अख्खे शरीर सांगत असते. ओल्सन त्या दिशेने पाय टाकतो. त्याच क्षणी तो उगारलेला पाय चेंडूला लाथ न मारता त्याला आतून ओढून घेतो, रोवलेल्या डाव्या पायाच्या मागून काढतो, क्रायफ गर्रकन वळतो आणि चेंडूसकट गोलच्या दिशेने निघूनही जातो. ओल्सन अजून आधीच्याच बातमीवर विश्वास ठेवून दुसरीकडे झुकलेला असतो.

ही चाल पुन्हा पुन्हा पाहिली की लक्षात येते, तिचे रहस्य पायात नाही. ओढून वळण्याची ती क्रिया तशी सोपी आहे. आज जगभरची आठ-दहा वर्षांची मुले ती शिकतात. खरी करामत त्याच्या आधीच्या अर्ध्या क्षणात आहे. क्रायफ तिथे खोटी चाल अर्धवट सुचवत नाही, ती मनापासून सुरू करतो. पाय पूर्ण उगारला जातो, नजर तिकडे जाते, अंगाचा तोल तिकडे जातो. कसलेल्या नटाप्रमाणे तो भूमिकेत शिरतो, म्हणून ओल्सनला शंका घ्यायला वावच उरत नाही. मोकळी जागा आधी कुठेच नव्हती; ओल्सन हलला म्हणून ती तयार झाली. समोरच्याला हलवून जागा निर्माण करायची, हा क्रायफच्या खेळाचा गाभा त्या एका वळणात पाहायला मिळतो.

आणि त्या वळणातून निष्पन्न काय झाले? काहीच नाही. पुढे गोल झाला नाही, सामना ०-० असा बरोबरीत सुटला. तरीही खुद्द त्या चालीलाच क्रायफचे नाव मिळाले. हिशेबाच्या वहीत जिची नोंदही होणार नाही अशी गोष्ट लोकांनी चार दशके जपली आणि तो गेला तेव्हा सर्वांत आधी आठवली. चाहत्यांची स्मृती काय निवडते, हे इथे नीट पाहण्यासारखे आहे.

त्याच विश्वचषकाचा अंतिम सामना, ७ जुलै १९७४, म्युनिक, समोर यजमान पश्चिम जर्मनी. डच संघ खेळ सुरू करतो आणि चेंडू आपापसात फिरवत राहतो. ही फीत पाहताना चेंडूवरची नजर काढून चेंडूविना असलेल्यांकडे पाहावे. क्रायफ, जो आघाडीचा खेळाडू, तो मागे येऊन थांबलेला दिसतो. त्याच्या पुढे सगळे सहकारी. त्याच्यावर पहारा ठेवण्यासाठी नेमलेला बेर्टी फोग्ट्स आपली जागा सोडून कुठवर यावे या पेचात सापडतो. मग क्रायफ मध्यरेषेपासून चेंडू घेऊन सुटतो, वेग बदलतो, फोग्ट्सला मागे टाकतो आणि पेनल्टी क्षेत्रात शिरतो. उली होनेस त्याला पाडतो, इंग्लिश पंच जॅक टेलर पेनल्टी देतात आणि क्रायफचा सहकारी नेस्केन्स ती थेट मधोमध ठोकतो. जर्मन संघातल्या माणसाचा चेंडूला पहिला स्पर्श होतो तो चेंडू जाळ्यातून काढताना.

यात रिनस मिकेल्स यांनी अयाक्समध्ये घडवलेला आणि नंतर राष्ट्रीय संघात आणलेला ‘टोटल फुटबॉल’ उलगडून दिसतो. कोणाची जागा कायमची नाही. एकाने जागा सोडली की दुसऱ्याने ती भरायची, आणि सगळ्यांनी मैदान ताणत-आवळत राहायचे. त्या व्यवस्थेत क्रायफ धावत असतानाही हात करून सहकाऱ्यांना जागा दाखवत असतो. जुन्या फितींत त्याचे हात त्याच्या पायांइतकेच बोलके आहेत.

तो सामना डच हरले. ब्राइटनरची पेनल्टी, मग मध्यंतराच्या तोंडावर गेर्ड म्युलरचा गोल, १-२. त्या पराभवाची सल नेदरलँड्सने अनेक वर्षे बाळगली. तरी आज १९७४ म्हटले की जगभरच्या फुटबॉलवेड्यांना जर्मनीच्या चषकाच्या बरोबरीने डच संघाचा नारिंगी शर्ट आठवतो. त्या नारिंगी शर्टांतही क्रायफचा वेगळा ओळखू येतो. इतरांच्या बाहीवर आदिदासच्या तीन पट्ट्या, त्याच्या बाहीवर दोन, कारण त्याचा करार प्युमाशी होता.

मृत्यूनंतर दोन शहरांनी त्याला आठवले, आणि दोघांचा सूर वेगळा होता. अ‍ॅमस्टरडॅमसाठी तो बेटोनडॉर्प वस्तीतला पोरगा होता. वडिलांचे भाजीपाल्याचे दुकान, अयाक्सचे मैदान हाकेच्या अंतरावर. तो बारा वर्षांचा असताना वडील गेले आणि आई नेल अयाक्समध्येच साफसफाईचे काम करू लागली. त्या क्लबला त्याने १९७१, १९७२ आणि १९७३ असे सलग तीन युरोपियन चषक मिळवून देण्यात सिंहाचा वाटा उचलला. पण घरच्या माणसाशी भांडणेही होतात. १९८३ मध्ये अयाक्सने करार वाढवला नाही, तेव्हा तो कट्टर प्रतिस्पर्धी फेयेनूर्डकडे गेला आणि छत्तिशी ओलांडलेली असताना त्यांना लीग आणि चषक दोन्ही जिंकून देऊन निवृत्त झाला. डच माणसाच्या आठवणीत हा सारा राग-लोभ आहे. म्हणून त्यांची टाळी घरच्यांची वाटते. सगळे रुसवे ठाऊक असलेल्यांची.

बार्सिलोनाचा सूर कृतज्ञतेचा. १९७३ मध्ये तो तिथे आला तेव्हा फ्रँकोची हुकूमशाही होती, कॅटलान भाषेवर बंधने होती आणि क्लबने १९६० नंतर लीग जिंकली नव्हती. १७ फेब्रुवारी १९७४ रोजी बार्साने माद्रिदमध्ये जाऊन रेआल माद्रिदला ५-० असे हरवले आणि त्या मोसमात लीगही जिंकली. त्याच महिन्यात जन्मलेल्या मुलाचे नाव त्याने कॅटलोनियाच्या संतावरून जॉर्दी ठेवले आणि कॅटलान नावांना मनाई असतानाही तेच नोंदवायला लावले. पुढे १९८८ ते १९९६ प्रशिक्षक म्हणून त्याने सलग चार लीग आणि १९९२ चा युरोपियन चषक दिला, गार्दिओलासारख्या सडपातळ पोराला मधल्या फळीत उभे केले आणि क्लबला खेळाची एक दृष्टी दिली. २ एप्रिल २०१६ रोजी रेआलविरुद्धच्या सामन्यात बार्साच्या कँप नोउ मैदानाच्या प्रेक्षागारात हजारो कागदांतून अक्षरे उमटली: ‘ग्रासियेस योहान’, म्हणजे आभार, योहान. आभार कॅटलानमध्ये होते आणि हाक पहिल्या नावाने. त्या दिवशीही योगायोगाने घरचा संघ हरला. रेआलने २-१ ने सामना जिंकला आणि बार्साची ३९ सामन्यांची अपराजित मालिका संपली. पण त्या अक्षरांचे वजन निकालाने कमी झाले नाही. ज्याचे आभार मानायचे होते त्याने या लोकांना निकालाच्या पलीकडचेही पाहायला शिकवले होते.

या शिकवणीचा एक जिवंत पुरावा तो हयात असतानाच मिळाला. डिसेंबर १९८२ मध्ये अयाक्सकडून हेल्मोंड स्पोर्टविरुद्ध पेनल्टी घेताना क्रायफने चेंडू गोलकडे न मारता हलकेच बाजूला ढकलला होता. सहकारी येस्पर ओल्सेन धावत आला, त्याने गोलरक्षकाला ओढून घेतले आणि चेंडू परत क्रायफला दिला. समोर मोकळा गोल. नियमात बसणारी, पण कोणाच्या ध्यानीमनी नसलेली युक्ती. १४ फेब्रुवारी २०१६ रोजी सेल्टा व्हिगोविरुद्ध बार्साच्या मेस्सीने पेनल्टीवर चेंडू पुढे सरकवला आणि मागून आलेल्या सुआरेझने तो जाळ्यात धाडला. थेट मारली असती तर तो मेस्सीचा लीगमधला ३०० वा गोल ठरला असता. क्रायफने चेंडू परत घेतला होता. मेस्सीने देऊनच टाकला. खेळाडूंनी वाहिलेली याहून समर्पक आदरांजली मला माहीत नाही. त्यांनी गुरूची नक्कल केली नाही, त्याच्या युक्तीत औदार्याची भर घातली. क्रायफ तेव्हा आजाराशी झुंजत होता आणि त्याच सुमारास त्याने आपण सामन्याच्या पूर्वार्धात २-० ने पुढे आहोत, पण सामना संपलेला नाही, असे सांगितले होते. पाच-सहा आठवड्यांत सामना संपला.

त्याच्या नावाच्या संस्थेने मुलांसाठी वस्त्यावस्त्यांत छोटी मैदाने बांधली. पहिले २००३ मध्ये झाले. तिथल्या फलकांवर चौदा नियम असतात. संघभावना, जबाबदारी, आदर अशी वाट चालत शेवटचा नियम सर्जनशीलतेपाशी येतो: खेळाला सौंदर्य द्या.

हे सौंदर्य कोणाचे असते, याचे उत्तर मला यान ओल्सनने दिले. डॉर्टमुंडमधल्या त्या वळणात फसला तो हा माणूस. जगाने त्याची फजिती हजारदा पाहिली. त्याने मात्र कधी तिची लाज बाळगली नाही. चेंडू आपल्यालाच मिळणार अशी आपली खात्री होती, असे तो मोकळेपणाने सांगत आला, आणि तो क्षण आपल्या कारकिर्दीतला सर्वांत अभिमानाचा असल्याचेही. हरवलेल्या माणसाला ज्याच्या कौशल्यात आपलाही वाटा आहे असे वाटावे, त्याच्या खेळात अहंकाराहून मोठे काहीतरी असलेच पाहिजे. क्रायफला दिलेल्या साऱ्या टाळ्यांत मी ओल्सनची टाळी पहिली मानतो, कारण ती त्याने सर्वांत जवळून पाहून दिलेली आहे.